एक तरी मॅच

गोलकीपरच्या आईवडिलांनी बाकीच्या पालकांबरोबर उभं राहायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आइस हॉकीच्या सीझनच्या पहिल्याच मॅचला ते आपोआप कळलं.

इंग्लंडमधला सप्टेंबरचा रविवार होता. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून फिरत होते आणि रिंकमध्ये आम्ही जाड कोट घालून काचेला चिकटून उभे होतो. चौदा वर्षांखालच्यांची लीग, मुलं-मुली एकत्र. आमची लेक बारा वर्षांची, आणि गोलात ती उभी. पहिला गोल झाला तेव्हा शेजारची बाई मला स्वतःच्या फ्लास्कमधली कॉफी ओतून देत होती, ती ओतता ओतता गप्प झाली. दुसऱ्या गोलला पलीकडचा एकजण "कम ऑन!" असं ओरडला आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या मुलीला नाही हं, सगळ्यांनाच म्हटलं." तिसऱ्या गोलनंतर कुणीच काही बोललं नाही. ते जास्त वाईट होतं. बोलत होते ते फक्त आमच्या टीमच्या कॅप्टनचे वडील. लाल जॅकेट, रुंद खांदे, आणि आवाज असा की पलीकडच्या टोकाला बर्फाला तडा जावा. "कीपर! जागी हो!"

मी कॉफी संपवली, आभार मानले आणि काचेच्या कडेकडेने चालत गोलच्या मागच्या कोपऱ्यात गेले. तिथे बर्फ सपाट करणाऱ्या यंत्राचं मोठं शटर आहे आणि त्याच्या फटीतून वारा येतो. त्या कोपऱ्यात आधीच एक आजोबा उभे होते. गळ्यात दुसऱ्या टीमचा मफलर.

"गोलकीपरची आई?" त्यांनी विचारलं.

"कशावरून?"

"इथे हौसेने कुणी उभं राहत नाही."

ते समोरच्या टीमच्या गोलकीपरचे आजोबा होते. त्यांनी मला समजावून सांगितलं की खेळाची तीन सत्रं असतात आणि प्रत्येक सत्रानंतर टीम बाजू बदलतात. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या सत्रात माझी लेक आमच्या पुढ्यात, मधल्या सत्रात त्यांचा नातू. "दोघांचंही भागतं," ते म्हणाले. "आणि इथे एक बरं असतं. आपल्या पोराला कोण काय म्हणतंय ते ऐकू येत नाही."

आम्ही ती मॅच हरलो. त्या दिवशी वॉटफर्डला आमच्या मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम होता, नवरा तिकडे गेला होता. घरी आल्यावर त्याने मोदकांचा डबा पुढे केला आणि विचारलं, "कशी झाली?" लेक म्हणाली, "थंड," आणि तीन मोदक उभ्या उभ्या खाल्ले.

ती गोलकीपर कशी झाली तेही सांगायला हवं. आमच्या गल्लीत, शाळेत, नात्यात सगळीकडे क्रिकेट. हिला एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला स्केटिंगला नेलं आणि तिथून हे सुरू झालं. दोन वर्षं ती शिकत होती. मग टीमचा आधीचा गोलकीपर वयाने मोठ्या गटात गेला, आणि कोचने ड्रेसिंग रूममध्ये विचारलं की गोलात कोण उभं राहील. सगळे बुटांच्या नाड्या बघू लागले. आमच्या लेकीने हात वर केला.

"का गं?" मी विचारलं होतं.

"मी स्केटिंगमध्ये सगळ्यात स्लो आहे ना. गोलमध्ये उभंच तर राहायचं असतं."

कोचला हे कळलं तेव्हा तो इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. गोलकीपरला म्हणे टीममध्ये सगळ्यात चांगलं स्केटिंग यावं लागतं. मागे, पुढे, आडवं, गुडघ्यावर पडून पुन्हा उठून, आणि हे सगळं अंगावर तिच्या निम्म्या वजनाचे पॅड घेऊन. हिने हात वर केला तेव्हा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण एकदा वर केलेला हात खाली घ्यायला तिला आवडलं नाही.

मी एका पेन्शन फंडाच्या ऑफिसात आकडे तपासते. दुसऱ्याने केलेली बेरीज पुन्हा करून बघणं हे माझं काम आहे, आणि नवऱ्याच्या मते माझा स्वभावही. त्यामुळे दुसऱ्या मॅचपासून मला एक गोष्ट खटकायला लागली. फलकावर गोल दिसत होते. अडवलेले शॉट कुठेच दिसत नव्हते. एखाद्या माणसाचं फक्त देणं लिहायचं आणि जमा लिहायचीच नाही, असं झालं ते. मी ठरवलं, आपण शॉट मोजायचे. त्यातून फलकावरचे गोल वजा केले की अडवलेले किती ते निघतं.

मोजायचे कसे, हा प्रश्न होता. हातमोजे घालून फोन चालत नाही आणि त्या थंडीत बॉलपेनची शाई येत नाही. तोंडी मोजायला गेले तर एखादा चुरशीचा क्षण आला की आकडा सटकतो. कोटाच्या खिशात हात घातला तर आत माळ लागली. सासूबाई मागच्या हिवाळ्यात आल्या होत्या तेव्हा माझा हाच कोट वापरत होत्या, त्यांची जपाची तुळशीची माळ त्यात राहून गेली होती. एका शॉटला एक मणी पुढे. हातमोज्यातूनही मणी नीट सरकतो. घरी येऊन मी पुण्याला फोन केला, कारण न विचारता वापरणं बरं वाटेना.

"आई, तुमची माळ मी हॉकीला वापरली. चालेल ना?"

"मोजायलाच असते ती," सासूबाई म्हणाल्या. "नाव कुणाचं घ्यायचं ते तुझं तू बघ. पोरीला लागलं नाही ना कुठे?"

नियम मी काटेकोर ठेवले. अडवला नसता तर आत गेला असता, तोच शॉट धरायचा. खांबाला लागून परत आलेला धरायचा नाही. बाहेर जाणारा तिने उगीच अडवला असेल तर तोही नाही. लेकीला हे मान्य नव्हतं. "तो पण मी थांबवला!" पण मी ऐकलं नाही. आकडा खरा असेल तरच त्याचा उपयोग.

यातून एक भलताच समज झाला. कोपऱ्यात एकटी उभी राहून, खिशातून अर्धी बाहेर आलेली माळ ओढणारी, ओठ हलवणारी बाई बघून बाकीच्या पालकांना वाटलं की मी प्रार्थना करते. एकदा आम्ही फक्त एका गोलने हरलो, तेव्हा कॉफीवाली बाई हळूच जवळ येऊन म्हणाली, "आज जवळजवळ जमलं होतं हं." मी सांगितलं की मी मोजते आहे. ती म्हणाली, "अर्थात," आणि माझ्या दंडावर हात ठेवला. कॅप्टनचे वडील तर मॅचच्या आधी लांबूनच ओरडायचे, "वरती आमच्यासाठीही एक शब्द टाका!" मी दोन-तीनदा खुलासा केला आणि मग सोडून दिलं.

घरी नवऱ्याकडे पॅड वाळवण्याचं खातं होतं. ज्यांनी ओले हॉकीचे पॅड हुंगलेले नाहीत त्यांना मी काही समजावू शकणार नाही. तो ते मागच्या काचेच्या खोलीत पसरून ठेवायचा, आणि वास जाईना तेव्हा त्याने ग्लव्हमध्ये कापराच्या वड्या घातल्या. पुढच्या प्रॅक्टिसला कोच नाक वर करून विचारत होता, की कुणाला सर्दी झाली आहे का. त्यानंतर टीममधली आणखी दोन मुलं कापूर मागायला लागली.

डिसेंबरपर्यंत आम्ही एकही मॅच जिंकलो नाही. लीगच्या तक्त्यात शेवटी होतो आणि आमच्यावरच्या टीममध्ये आणि आमच्यात चांगलं अंतर होतं. तरी लेक प्रॅक्टिस चुकवत नव्हती. मी दर मॅचनंतर गाडीत आकडे सांगायची, ती खिडकीबाहेर बघत ऐकायची. कधी "ठीक आहे" म्हणायची.

जानेवारीत आजोबांच्या टीमशी त्यांच्या गावी मॅच होती. लीगमधली ती सगळ्यात जोरदार टीम, आणि आमची तीन मुलं तापाने घरी. पहिल्या सत्रातच निकाल ठरल्यासारखा झाला. त्यांची मुलं ओळीने येत होती, आणि आमचा कॅप्टन, जो खरं तर बचावात खेळतो, तो प्रत्येक वेळी गोल करायला पलीकडच्या टोकाला गेलेला असायचा. परत यायला त्याला घाई नसायची. गोल झाला की मात्र तो स्टिक बर्फावर आपटून आमच्या लेकीकडे बघायचा.

तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला फलक दहा-शून्यवर थांबला. मला वाटलं बिघडला. आजोबा म्हणाले, "बिघडला नाही. दहाच्या पुढे फरक दाखवायचा नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मुलांना वाईट वाटू नये म्हणून."

गोल होत राहिले, फलक हलला नाही. माझी लेक प्रत्येक गोलनंतर मान वर करून फलकाकडे बघत होती. हेल्मेटच्या जाळीतून चेहरा दिसत नव्हता, पण मान दिसत होती.

मॅच संपल्यावर माझ्या लक्षात आलं की माझा हिशोब अडला आहे. माझ्याकडे शॉट होते, अठ्ठावन्न. माळ अर्ध्याच्या पुढे गेली होती. पण गोल मी फलकावरून घेत असे, ते मोजलेच नव्हते. आजोबा फ्लास्क बंद करत होते. जरा संकोचाने म्हणाले, "चौदा. सॉरी लव्ह, मी आत गेलेले मोजतो. सवय आहे."

अठ्ठावन्नातून चौदा. मी दोनदा वजाबाकी केली.

आम्ही तिघं गाडीने परत निघालो. मोटरवेवर पाऊस लागला. मग मागून आवाज आला.

"आई, त्यांनी मला मोजायचं बंद केलं."

"तुला नाही गं," नवरा म्हणाला. "गोल मोजायचे बंद केले. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"गोल मोजले नाही तर मग माझे सेव्ह पण नाही ना मोजले. म्हणजे मी तिथे नव्हतीच."

"मी मोजले," मी म्हटलं. "चौदा गेले. चव्वेचाळीस नाही गेले."

ती सीटवर पुढे सरकली. मग, "खांबाला लागलेले सोडून?"

"सोडून."

"ते पण तीन होते."

"चार होते."

ती थोडी हसल्यासारखी वाटली, पण तसं नव्हतं. सर्व्हिस स्टेशनला थांबलो तेव्हा तिने चिप्स समोर ठेवून सांगितलं. सीझन ती पूर्ण करणार. पण या सीझनमध्ये एक तरी मॅच जिंकलो तरच पुढच्या वर्षी गोलात उभी राहणार. नाहीतर नाही. "मला एकदा बघायचंय कसं वाटतं. एकदा पण नाही बघितलं तर मग कशाला?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मला अट अवास्तव वाटली नाही. पण त्या अटीत आणखी बरंच काही अडकलेलं होतं, ते तिला माहीत होतं आणि आम्हालाही. टीममध्ये दुसरा गोलकीपर नव्हता. कोचने नोव्हेंबरमध्येच पालकांना सांगितलं होतं की गोलकीपर नसेल तर पुढच्या वर्षी या वयोगटाची टीम उतरवता येणार नाही.

फेब्रुवारीत एक मॅच बरोबरीत सुटली. मुलांनी एवढा दंगा केला की मला वाटलं, झालं. लेक गाडीत बसताना म्हणाली, "ड्रॉ म्हणजे जिंकणं नाही." मार्चमध्ये एका गोलने हरलो, पुन्हा एका गोलने हरलो. माझे आकडे सुधारत होते. जानेवारीत शंभरातले पंचाहत्तर अडवत होती, आता पंच्याऐंशीच्या वर. मी हे सांगितलं की ती म्हणायची, "पण किती गेले?" आणि मग मला तेही सांगावं लागायचं.

सीझनची शेवटची मॅच एप्रिलमध्ये, आमच्या रिंकवर, पुन्हा आजोबांच्याच टीमशी. जिंकण्याची शक्यता मी कुणाला विचारली नाही. तेवढे आकडे मलाही कळतात.

त्यांची बस आली आणि आजोबांचा नातू हाताला प्लास्टर घालून उतरला. सायकलवरून पडला होता. त्यांचा राखीव गोलकीपर सकाळी तापाने फणफणला म्हणून घरी राहिला. कोच लोक रेफरीशी बोलले, आणि निर्णय पाच मिनिटांत झाला. गोलकीपरशिवाय टीम उतरू शकत नाही, त्यामुळे मॅच आम्हाला दिली. न खेळता पाच-शून्य.

आमच्या मुलांना आनंद करायचा की नाही ते कळेना. कॅप्टनने हात वर करून "जिंकलो!" असं ओरडून बघितलं. दोघातिघांनी साथ दिली आणि मग तेही थांबले. आमची लेक पूर्ण पॅड घालून दारात उभी होती.

नवरा तिच्याजवळ गेला. "बघ, आली की नाही एक मॅच!"

"बाबा, प्लीज."

"तक्त्यात जिंकलो असंच येणार," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "हो ना गं?"

"तक्त्यात येईल," मी म्हटलं.

"तू धरशील का?" लेकीने मला विचारलं.

मी खिशातली माळ आत ढकलली, कारण असा विजय मी धरला नसता. तिने मान डोलावली. म्हणजे सीझन संपला होता आणि तिचं उत्तर तिच्या मते ठरलं होतं.

पण बर्फ दोन तासांसाठी आमचा होता आणि समोरची मुलं बसमधून एवढी लांब आली होती. दोन्ही कोचनी ठरवलं, मैत्रीची मॅच खेळू. अडचण तीच, त्यांच्याकडे गोलात कुणी नाही. त्यांचा कोच म्हणाला, एखाद्याला असाच उभा करतो, तुम्ही हळू मारा. मुलांची तोंडं पडली. हळू मारून कसली मॅच?

"मी तिकडे जाते," आमची लेक म्हणाली.

आमच्या कोचने कान खाजवला. "आणि आपल्या गोलात?"

तिने हनुवटीने कॅप्टनकडे दाखवलं. "हा आहे की. ह्याला सगळं माहितीये गोल कसा अडवायचा."

ड्रेसिंग रूमच्या दारात जो हशा पिकला त्यात कॅप्टन सोडून सगळे होते. तो लाल झाला. "मी? मी डिफेन्समध्ये आहे!"

"हो का?" कुणीतरी मागून म्हणालं. "कधीपासून?"

त्याचे वडील पायऱ्यांवरून ओरडले, "गो ऑन सन!" मग त्याला माघार घेता येईना.

क्लबचे जुने पॅड कपाटातून काढले. त्याला ते चढवता येत नव्हते, तेव्हा आमची लेक त्याच्यापुढे गुडघ्यावर बसून एकेक पट्टा आवळायला लागली. "घट्ट झालं," तो म्हणाला. "घट्टच पाहिजे," ती म्हणाली. आजोबांच्या नातवाने स्वतःची जर्सी एका हाताने काढून तिला दिली. पाठीवर त्यांच्या टीमचं चिन्ह घेऊन ती पलीकडच्या गोलकडे निघाली तेव्हा मला क्षणभर ओळखूच आली नाही. इतकी सरळ ती स्केटिंग करत होती.

मी आणि आजोबा आमच्या ठिकाणी उभे राहिलो. मी माळ काढली. आजोबा म्हणाले, "आज मीही अडवलेलेच मोजतो."

पहिल्या सत्रात आमच्यापुढे कॅप्टन होता. पहिला शॉट त्याने अडवला, कारण तो सरळ त्याच्या पोटावर आला. दुसरा आत. तिसरा आत, दोन पायांच्या मधून. चौथ्याला तो आडवा पडला आणि उठायलाच त्याला इतका वेळ लागला की पाचवा रिकाम्या गोलात गेला. मग कॅप्टनचा आवाज काचेतूनही स्पष्ट ऐकू आला. "मागे या! अरे कुणीतरी मागे या ना! मी एकटा आहे इथे!"

आजोबा इतके हसले की त्यांना खोकला आला.

थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. लाल जॅकेट. कॅप्टनचे वडील खिशात हात घालून काचेतून बघत राहिले. आणखी एक गोल झाला. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

"इथे वारा लागतो," ते म्हणाले.

"लागतो," आजोबा म्हणाले आणि त्यांना चहा दिला.

"आज तुम्ही कुणाच्या बाजूने प्रार्थना करताय?" त्यांनी मला विचारलं.

"मी मोजते आहे."

"हो, हो. पण कुणाच्या बाजूने?"

दुसऱ्या सत्रात लेक आमच्या टोकाला आली. आमची मुलं तिच्यावर चाल करून येत होती, आणि सगळा जोर लावून. पण कोण कुठे मारतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? उंच मुलगी कायम खाली उजवीकडे मारते, तिथे हिचा पाय आधीच पोचलेला. जाड भिंगांच्या चष्म्याचा मुलगा मारण्याआधी एकदा खाली बघतो; त्याने खाली बघितलं की ही पुढे. आणि तिच्यासमोर, पूर्ण सीझनमध्ये पहिल्यांदा, बचावाला उभी असलेली मुलं होती. सुटलेला पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, ती मुलं लांब नेत होती. तिला एका वेळी एकच गोष्ट करायची होती. तिने एक शॉट ग्लव्हमध्ये धरला तेव्हा त्यांच्या बाकावरचा प्लास्टरवाला मुलगा चांगल्या हाताने फळी बडवायला लागला, आणि मग सगळा बाक. माझ्या शेजारी कॅप्टनचे वडील म्हणाले, "शी इज गुड." थोड्या वेळाने पुन्हा, जरा हळू, "शी इज ॲक्च्युअली गुड."

मैत्रीची मॅच आठ-तीन अशी संपली. आमची टीम हरली. लेकीची जिंकली.

शेवटी एक रीत असते. दोन्ही कोच समोरच्या टीममधला सर्वांत चांगला खेळाडू निवडतात. त्यांच्या कोचने आमच्या कॅप्टनला निवडलं, धाडसाबद्दल. मुलांनी शिट्ट्या मारल्या. आमच्या कोचला समोरच्या टीममधून निवडायचं होतं. तो गंभीर चेहरा करून त्यांच्या रांगेवरून नजर फिरवत गेला, आणि स्वतःच्याच गोलकीपरपाशी थांबला. ती त्यांच्या जर्सीत, त्यांच्या रांगेत. दोन्ही टीमनी स्टिक बर्फावर आपटल्या. बक्षीस म्हणून मोठं चॉकलेट होतं. तिने ते तिथेच मोडून प्लास्टरवाल्या मुलाला अर्धं दिलं.

गाडीत बॅगा भरत होतो तेव्हा कॅप्टन आला. केस ओले, दंडावर जांभळा डाग, तो त्याने बाही वर करून ठेवला होता म्हणजे दिसावा.

"पुढच्या वर्षी आहेस ना?" त्याने विचारलं.

नवरा डिकीत वाकलेला तसाच राहिला. मी बॅगेची चेन उगीचच पुन्हा लावली.

"तू मागे येणार का?" लेक म्हणाली.

"कुठे मागे?"

"गोल करायला पुढे गेलास की मग मागे. दर वेळी."

तो बुटाच्या टोकाने डांबर खरवडत राहिला. "दर वेळी कसं जमेल?"

"बरं. किती वेळा?"

"बहुतेक वेळा."

"माझी आई मोजते. माहितीये ना?"

त्याने माझ्याकडे जरा दचकून बघितलं. "मला वाटलं त्या प्रे करतात."

"मोजते," मी म्हटलं.

"ओके," तो म्हणाला. "येईन मागे."

"मग मी आहे," लेक म्हणाली. तो पळाला. गाड्यांच्या रांगेपलीकडून त्याचा आवाज आला, "डॅड! ती आहे म्हणाली!" आणि त्यावर तो दुसरा, आमच्या ओळखीचा, मोठा आवाज.

गाडी सुरू झाल्यावर नवऱ्याला राहवलं नाही. "पण तुझी अट होती ना? आपण तर आजही हरलो."

"मी जिंकली."

"आपल्याच टीमविरुद्ध!"

"बाबा, अट माझी होती. मी चेंज केली." तिने बूट काढून पाय सीटवर घेतले. "कसं वाटतं ते पण बघितलं. मस्त वाटतं. आता ते आपल्या जर्सीमध्ये पाहिजे. आई, किती होते?"

"तीस. तीन गेले."

"आणि खांबाला?"

"एक."

"तो पण धर ना. एकच आहे."

"नाही," मी म्हटलं.

ती हसली, यावेळी खरंच, आणि चॉकलेटचा उरलेला तुकडा पुढे आमच्या दोघांच्या मध्ये धरला.